लाल डब्यातलं खत

मल्हारगंज, इंदूर
ता. १५ सप्टेंबर १९५७

ती. कुमुदताईस,
धाकट्या रघुवीरचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर दिलं नाही, कारण डोकं ठिकाणावर नव्हतं. आताही आहे असं नाही. पण दिवसातून एकदा कोणावर तरी चिडल्याशिवाय मला जेवण जात नाही आणि शांता आता ऐकून घेत नाही. म्हणते, "तुमच्या बायकोचे कान किटले, आता वन्संना लिहा."

सरकारी बागेत मी सव्वीस वर्षं खताचे ढीग लावले, हे तुला ठाऊकच आहे. नवं राज्य झालं, कचेरी भोपाळला निघाली, मी येत नाही म्हटलं आणि घरी बसलो. रोज सकाळी राजवाड्याकडे फिरायला जाऊ लागलो आणि तिथेच माझं नशीब फिरलं. केळीची सालं, मटारची टरफलं, चहाचा चोथा, पत्रावळी, द्रोण... हॉटेलांच्या आणि हलवायांच्या दाराशी नुसता खच! जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत ज्या खताच्या पद्धतीला आपल्या इंदूरचं नाव आहे, ती इंदुरात एकाही माणसाला माहीत नाही. संताप येतो, ताई.

तर मी असं ठरवलं आहे. दुकानादुकानाशी एक डबा ठेवायचा, रोज बैलगाडी फिरवून तो रिकामा करायचा आणि परदेशीपुऱ्यात गिरणीमागची मोकळी जागा मिळाली आहे तिथे ढीग लावायचे. एक थर पालापाचोळा आणि सालं, एक थर शेण, वर माती आणि राख. मधून मधून उलटायचं. तीन महिन्यांत काळंभोर खत. भाजीचे मळेवाले आतापासूनच मागताहेत.

पण दुकानदार! एका हलवायाला तासभर समजावलं. तो म्हणतो, "बाबूजी, ये सब तो गाय खा जाती है, हमको पुण्य मिलता है. तुमको दिया तो क्या मिलेगा?" मी म्हटलं, "सफाई मिलेगी." तो म्हणाला, "वो तो गाय भी करती है." शेवटी राजवाड्याच्या कोपऱ्यावर शाम म्हणून एकाचं चहा-कचोरीचं हॉटेल आहे, तो म्हणाला, "रख दो भिया, चार दिन देख लेते हैं." त्याचं पाहून मग बाकीचे तयार झाले.

तुपाचे तीस रिकामे डबे आणले. गायी तोंड घालतात म्हणून वर झाकण बसवून त्याला हात जाईल एवढी फट पाडली. पेंटरकडे लाल रंग उरला होता, तोच लावून टाकला. वर मोठ्या अक्षरांत पाटी लिहून घेतली, खत म्हणून. हिंदीतच लिहवली हो, आता राज्य हिंदीचं आहे. तुला बरं वाटेल.

तुझा,
रघू


मंदसौर
ता. २७ सप्टेंबर १९५७

चि. रघुवीर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला सातवीच्या मुलींना मी का हसते आहे ते सांगता येईना. लहानपणी तू मेथीचे दाणे पेरायचास आणि रोज सकाळी उकरून बघायचास, उगवले का म्हणून. उगवले नाहीत की मातीला शिव्या द्यायचास. आता सगळ्या शहराला देतो आहेस एवढाच फरक.

एक सांगते, रागावू नकोस. दुकानदारांना त्यांच्या अज्ञानाबद्दल शिव्या देऊन कोणी तुझा डबा भरणार नाही. शामशी गोड बोल. माझ्या शाळेत हिंदी व्याकरण कोणालाच आवडत नाही, तरी मुली बसतात, कारण मी त्यांना मूर्ख म्हणत नाही. मनात म्हणते.

माझं सगळं ठीक. खिडकीत मोगऱ्याची कुंडी आहे, तीन वर्षं झाली, पानं ढीगभर आणि फूल एक नाही. तुझं खत तयार झालं की मूठभर पाठव. सव्वीस वर्षं सरकारी फुलांना घातलंस, आता बहिणीच्या एका कुंडीला घाल.

शांताला आशीर्वाद सांग.

तुझी,
ताई


मल्हारगंज, इंदूर
ता. १० नोव्हेंबर १९५७

ती. ताईस सा. नमस्कार.

गोड बोललो. काय उपयोग झाला ते ऐक.

डब्यांतून आजवर निघालेल्या वस्तू: फुटक्या कपबश्या, बिडीची थोटकं, एक चप्पल, मेलेली घूस. पानाच्या पिचकाऱ्या तर विचारूच नकोस, सगळ्यांना वाटतं लाल रंग त्यासाठीच दिला आहे. दिवाळीत पोरांनी एका डब्यात सुतळी बाँब लावला. डबा गेला, झाकण अजून सापडायचं आहे. हलवायांनी पंधरा दिवस गाडी दाराशी उभी राहू दिली नाही, गिऱ्हाइकाला वास येतो म्हणे. सालं त्यांची, आणि वास माझ्या गाडीचा!

आणि कागद. हे तर मला समजतच नाही. घड्या घातलेले, चिकटवलेले कागद, चांगली पाकिटंसुद्धा. घरची रद्दी लोक उचलून माझ्या डब्यात आणून टाकतात. मी शामला विचारलं, "ये कागज कौन डालता है?" तर तो म्हणतो, "आते-जाते लोग डालते हैं भिया, मैं किस-किस को देखूँ, कचोरी तलूँ कि तुम्हारा डब्बा देखूँ?" गाडीवाल्याला म्हटलं, जाऊ दे, कागदही कुजतो, टाक ढिगात. भिजलेल्या पाकिटांकडे बघायला मला वेळ नाही.

पण एक गोष्ट चांगली आहे, ती तुलाच लिहितो. दुसऱ्या ढिगात काल कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला. आत भट्टी पेटली आहे. एवढी धग सरकारी बागेतसुद्धा कधी आली नव्हती. मी तिथे उभा राहून एकटाच हसत होतो. पहिला ढीग मात्र कच्चा राहिला, त्यातलं तुझ्या मोगऱ्याला पाठवणार नाही. चांगलं होईल तेव्हाच पाठवीन.

रघू


मंदसौर
ता. १ डिसेंबर १९५७

चि. रघुवीर यास अनेक आशीर्वाद.

या पत्रात थट्टा नाही. डोकं शांत असेल तेव्हा वाच.

३१ मार्चला मी नोकरीतून मोकळी होते. शाळेची खोली त्याच दिवशी सोडायची. खंडव्याच्या एका मुलींच्या वसतिगृहाने मला देखरेखीला बोलावलं आहे, राहायला खोली देतात. त्यांना फेब्रुवारीअखेर कळवायचं आहे. मला तिथे जायचं नाही. पंचावन्न वर्षांची झाले. चाळीस मुलींच्या जेवणाची घंटा वाजवत मला म्हातारं व्हायचं नाही. मला घरी यायचं आहे.

तू रद्दीचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. अकरा वर्षांपूर्वी मी घर का सोडलं ते तुला माहीत आहे. बाविसाव्या वर्षी हे गेले, तेव्हा माझ्याजवळ त्यांची अठरा पत्रं उरली होती. दुसरं काही उरलं नव्हतं. शांताने दिवाळीच्या सफाईत ती रद्दीत दिली. ती कसली पत्रं होती हे तिला माहीत नव्हतं, मला तेव्हाही ते समजत होतं. पण ती त्यावर एक शब्द बोलली नाही, मीही बोलले नाही, ट्रंक उचलली आणि मंदसौरच्या शाळेत नोकरी धरली. आता तो राग राहिलेला नाही. शोधला तरी सापडत नाही.

हे मी एकदाच विचारते आहे. माहेरी येऊ का, असं बाईने दोनदा विचारायचं नसतं. शांताला विचार. तिच्या मनात नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी वाईट वाटून घेणार नाही. पण लिही.

तुझी,
ताई


(पोस्टकार्ड)
मंदसौर, ता. २० जानेवारी १९५८

चि. रघुवीर यास आशीर्वाद. माझ्या १ डिसेंबरच्या पत्राचं उत्तर नाही. पन्नास दिवस झाले. तुझे ढीग तुला सवड देत नसतील असं आधी वाटलं. आता वाटतं, उत्तर देणं अवघड जात असेल. दोन ओळी पुरेत.
कुमुद


मंदसौर
ता. २० फेब्रुवारी १९५८

श्री. रघुवीर यांस,

खंडव्याला आज होकार कळवला. १ एप्रिलपासून माझा पत्ता तिथला राहील. तो कळवण्याची गरज आहे की नाही याचा विचार करत होते, पण पोस्टमनला त्रास नको म्हणून पाकिटामागे लिहिला आहे.

शांताला दोष देऊ नकोस. तिला जे वाटलं ते तिने अकरा वर्षांपूर्वीही न बोलताच सांगितलं होतं. मला राग तुझा आला आहे. "नाही" हा शब्द दोन अक्षरांचा आहे. सातवीतली मुलगीही तो न चुकता लिहिते. माझ्या भावाला तोही लिहवला नाही.

तुझं काम चांगलं चालो.

कुमुदिनी


मल्हारगंज, इंदूर
ता. २४ फेब्रुवारी १९५८

ताई, ताई, ताई,

हे पत्र मी काठी टेकत स्वतः पोस्टात नेऊन रजिस्टर करणार आहे. पावती हातात पडेपर्यंत खिडकीसमोरून हलणार नाही. आधी शेवटपर्यंत वाच आणि मग काय फाडायचं ते फाड.

मी तुला दोन पत्रं लिहिली. पहिलं ९ डिसेंबरला, चार पानं. दुसरं तुझं कार्ड आलं त्याच दिवशी, त्यात नुसतं विचारलं होतं की माझं पहिलं मिळालं नाही का. ती तुला का मिळाली नाहीत हे मला काल सकाळी कळलं आणि तेव्हापासून स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीला मी शामच्या हॉटेलासमोर पडलो. माझ्याच डब्याशेजारी, केळीच्या सालीवर! साल फटीतून आत टाकायचे कष्ट कोणीतरी घेतले नव्हते. पाय मोडला. अडीच महिने प्लॅस्टर. ढीग गाडीवाला सांभाळत होता आणि मी खाटेवरून त्याच्यावर ओरडत होतो. म्हणून तुला लिहिलेली दोन्ही पत्रं मी आमच्या दूधवाल्याच्या, गेंदालालच्या हाती दिली. सज्जन माणूस, दुधात पाणी घालत नाही. दोन्ही वेळा मी त्याला एकच वाक्य बोललो: "गेंदालालजी, ये खत डब्बे में डाल देना."

परवा तुझं पत्र आलं. ते मी शांताला वाचून दाखवलं. आम्हाला वाटत होतं, तूच विचारात पडली आहेस, नाहीतर पुन्हा रुसली आहेस. काल सकाळी गेंदालाल दूध मापत होता तेव्हा मी विचारलं.

"गेंदालालजी, मैंने दो खत दिये थे डालने को, याद है?"

"याद क्यों नी है बाबूजी! एक ठंड में दिया था, एक संक्रांत के बाद."

"कहाँ डाले?"

"डब्बे में."

"कौन-से डब्बे में?"

"वोई, शाम भिया की होटल के सामने वाला. लाल डब्बा. अब डाकखाने तक कौन जाए? सरकार ने भोत अच्छा करा, होटल-होटल पे लगवा दिये. साफ लिक्खा तो है, खत यहाँ डालिए."

ताई, मला पाटी आठवली. मग शांता स्वयंपाकघरात हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

तू हिंदी शिकवतेस, तुला सांगायला नको. आपल्या खताला ते खाद म्हणतात, आणि पत्राला म्हणतात खत. या गावात जन्मलो, पन्नास वर्षं भाजी हिंदीत घेतो, भांडणं हिंदीत करतो, आणि पेंटरला हौसेने हिंदीत सांगितलं, "लिखो, खत यहाँ डालिए." तोही शहाणा! त्याने एकदासुद्धा विचारलं नाही की बाबूजी, तुम्ही पोस्टात कधीपासून लागलात. लाल डबा, वर फट, त्यावर खत. लोकांनी टाकली पत्रं! मी त्यांना रद्दी म्हणत होतो. सगळ्या राजवाड्याची पत्रं मी शेणात घालून कुजवली आणि वर त्यांच्याच अकलेबद्दल तुला लिहिलं.

मी त्या डिसेंबरच्या पत्रात काय लिहिलं होतं? तुला ये म्हटलं होतं. शांताने त्याच आठवड्यात तुझी खोली पांढरी करून घेतली. खाट लावली आहे. खंडव्याला जाऊ नकोस. ये.

उद्या ढीग उपसतो.

तुझा गाढव भाऊ,
रघू


मंदसौर
ता. ३ मार्च १९५८

चि. रघुवीर यास आशीर्वाद.

तुझं रजिस्टर पत्र शिक्षिकांच्या खोलीत उघडलं. "होटल-होटल पे लगवा दिये" इथपर्यंत आले आणि मला इतकं हसू लोटलं की मुख्याध्यापिका बाहेर आल्या. काय झालं ते त्यांना सांगायला गेले तर पुन्हा हसायलाच लागले. त्यांनी मला घरी पाठवलं.

चूक तुझ्या एकट्याची नाही. पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस, हिंदीत पाटी लिहवली, खत म्हणून. तीस वर्षं हिंदी शिकवते आणि मीही ते मराठीतच वाचलं. तुझ्या अक्षरात वाचलं की मी मराठीच वाचते.

पण हसून झालं, रघू, आता खरं सांगते. खंडव्याला मी शब्द दिला आहे. तो मोडायचा तर मला कशावर तरी पाय ठेवता यायला हवा. "ये" म्हणून तू शामलाही म्हणशील. माझं पत्र वाचून तू रागाच्या आणि लाजेच्या भरात ये म्हणतो आहेस, की डिसेंबरात शांत डोक्याने म्हणाला होतास? चार पानं होती म्हणतोस. तुला बहिणीला चार पानं लिहिताना, आणि तीही कोणाला शिव्या न देता, मी आयुष्यात पाहिलेलं नाही. त्यात काय होतं ते मला वाचायचं आहे. परत लिही.

आणि शांताने खोली पांढरी केली हे तू लिहितोस. शांता का लिहीत नाही?

त्या घरात माझी पत्रं टिकत नाहीत. एकदा रद्दीत गेली, एकदा उकिरड्यात. तिसऱ्यांदा मी स्वतः तिथे यायचं, तर मला भीती वाटते. यात थट्टा नाही.

ताई


मल्हारगंज, इंदूर
ता. १७ मार्च १९५८

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझं पत्र आल्यापासून पाच वेळा लिहायला बसलो. पाचही कागद फाडले. डिसेंबरात पाय प्लॅस्टरात होता, उठून कोणावर ओरडायला जाता येत नव्हतं, म्हणून मनातलं कागदावर उतरलं. आता आठवून लिहायला जातो तर अर्जासारखं होतं. "आपण आल्यास आम्हांस आनंद होईल." शी! हे मी लिहिलं नव्हतं. काय लिहिलं होतं ते मला सांगता येत नाही, आणि स्वतःचा इतका राग येतो की दौत फेकावीशी वाटते.

म्हणून ढिगात शोधलं. आधी कच्चे ढीग उपसले. त्यांत लोकांची अकरा पत्रं पत्ता वाचता येईल अशी निघाली. ती धुऊन, वाळवून, लंगडत स्वतः घरोघर पोचवली. दोघांनी शिव्या दिल्या, त्या डोकं खाली घालून ऐकल्या. एकाने पत्र बघितलं आणि म्हणाला, "अच्छा हुआ नी गई भिया, गुस्से में लिख दी थी," आणि मला चहा पाजला. बाकीच्यांची किती कुजली ते देवाला ठाऊक. शामच्या हॉटेलासमोर चार दिवस माणसं जमत होती, "भिया, ये डाकखाना है कि कचरापेटी?" तीन दुकानदारांनी डबे परत केले. उरलेल्यांवर मी स्वतः ब्रश घेऊन हिरवा रंग दिला आणि लिहिलं, खाद. पेंटरला हात लावू दिला नाही. डबे पुन्हा भरू लागले आहेत.

तुला लिहिलेलं दुसरं पत्र अकराव्या ढिगात सापडलं. तळहाताएवढा कागद, शाई सगळी धुतलेली. आणि पहिलं, ती चार पानं, ती सातव्या ढिगात गेली होती. डिसेंबरातला ढीग तो. मी दोन दिवस तो चाळणीने चाळला, ताई. एक अक्षर नाही. सव्वीस वर्षांत इतका सुरेख ढीग मला साधला नव्हता. काळा, भुसभुशीत, हाताला चिकटत नाही, वास नुसता चांगल्या मातीचा. कामात थोडी कसूर झाली असती तर ते पत्र मिळालं असतं. गाडीवाल्याने माझ्या शिव्या खाऊन सगळं बरोबर केलं, तिथेच घात झाला.

परत लिहायला जमत नाही. म्हणून पत्र आहे तसंच पाठवतो आहे. मंदसौरच्या मोटारीवर एक छोटं पोतं दिलं आहे, तोंड शांताने शिवलं आहे. सातव्या ढिगातलं आहे. त्यात माझी चारही पानं आहेत. शामचा चहाचा चोथा आणि हलवायाच्या पत्रावळीही आहेत, तेवढं चालवून घे. मोगऱ्याला घालायचं कबूल केलं होतं ना, चांगलं होईल तेव्हाच पाठवीन म्हणून? यापेक्षा चांगलं माझ्या हातून होणार नाही.

ताई, घरी ये गं.

रघू

ता. क. खाली शांता लिहिते आहे. काय लिहिते ते मला वाचू देत नाही.

वन्संना शांताचा नमस्कार. मला लिहायची सवय नाही, चुका तुम्हीच सुधारून घ्या. ती अठरा पत्रं मी रद्दीत घातली. तुम्ही ट्रंक घेऊन निघालात तेव्हा मी दाराआड उभी होते. चुकलं माझं, एवढं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही आणि मग अकरा वर्षं निघालं नाही. दुसऱ्याच दिवशी मी रद्दीवाल्याकडे गेले होते. त्याने पुड्या बांधून संपवली होती. हे यांनाही माहीत नाही. यावेळी तुमची पत्रं गेली ती माझ्या हातून नाही गेली, तरी मला तसंच झालं. यांनी डिसेंबरात लिहिलेलं मला वाचून दाखवलं होतं. मला तोंडपाठ नाही, पण वाचताना यांना मध्येच थांबून पाणी प्यावं लागलं. तुम्ही या. तुमची पत्रं ठेवायला मी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली तुमच्याकडे राहील.


(पोस्टकार्ड)
मंदसौर, ता. २५ मार्च १९५८

चि. रघू आणि चि. सौ. शांता यांस आशीर्वाद.

खत मिळालं.

सगळं कुंडीत घातलं नाही, अर्धं डब्यात भरून बरोबर आणते आहे. खंडव्याला नकार कळवला, ते पत्र मी स्वतः पोस्टात जाऊन टाकलं, पेटीवर काय लिहिलं आहे ते दोनदा वाचून. शांताच्या ओळींत दोन चुका आहेत, त्या मी सुधारणार नाही. तिला सांग, मीही तेव्हा दारात थोडी थांबले होते.

१ तारखेला संध्याकाळच्या गाडीने पोचते. ट्रंक एक, मोगऱ्याची कुंडी एक. स्टेशनवर घ्यायला तू स्वतः ये, लंगडत आलास तरी चालेल. गेंदालालला पाठवू नकोस. त्याच्या हाती दिलेलं कुठे पोचतं ते मी पाहिलं आहे.

तुमची,
ताई